डॉक्टरबाईंची टकटक

सकवारबाईंना गप्प बसलेलं कुणी पाहिलं असेल तर त्यानं खुशाल पुढं यावं. बंगळुरातल्या चामराजपेटेत तरी असा माणूस सापडायचा नाही. सिर्सी सर्कलच्या मागच्या गल्लीत ‘खंडोजी टेलर्स’ अशी पाटी आहे. त्या पाटीखाली, लांबलचक टेबलामागं उभं राहून बाई रेशमी पोलक्यांचं कापड कापतात आणि कापता कापता बोलतात. गिऱ्हाइकाशी कानडीत, घरच्यांशी मराठीत आणि रागावल्या की दोन्हींत. खंडोजी म्हणजे त्यांचे यजमान. ते शिवायचे, या कापायच्या. खंडोजी गेले, पाटी राहिली, शिवायला आता कारागीर आहेत. पण कात्रीला हात लावायची कुणाची छाती नाही. लग्नाच्या साडीतलं कापड असतं हो! एक काप चुकला की संपलं, गिऱ्हाईक दारात बसून रडतं.

तर अशा या बाई डॉक्टरसमोर गप्प बसायला लागल्या आणि तिथूनच सगळी भानगड सुरू झाली.

डॉक्टर देवश्री तशी भली पोर. वडील पुण्याहून इथल्या कुठल्याशा संशोधन संस्थेत नोकरीला आले, ती इथंच वाढली, इथंच डॉक्टर झाली. मराठी बोलायची, म्हणून तर बाईंनी तिला धरून ठेवलं होतं. तिच्या मराठीत निम्मं इंग्रजी असायचं, पण बाईंच्या मराठीत तरी कानडी कुठं कमी होतं? दोघींचं जमायचं. खोट एकच होती. बाई बोलायला लागल्या की डॉक्टरबाईंचे डोळे समोरच्या पडद्याकडं आणि बोटं बटणांवर. टकटक, टकटक. ‘गुडघा दुखतो’ म्हटलं, टकटक. ‘झोप लागत नाही’ म्हटलं, टकटक. बाईंना आधी कौतुक वाटलं, पोरगी मन लावून सगळं लिहून घेते म्हणून. ते लिहिलेलं जातं कुठं, हे त्यांना नंतर कळलं.

ते जायचं गिरीराजच्या फोनवर.

गिरीराज हा त्यांचा एकुलता एक मुलगा, शहराबाहेर पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत सुपरवायझर. आईबरोबर दवाखान्यात यायला सुट्टी मिळत नाही, म्हणून तिचं नाव घालताना त्यानं स्वतःचा नंबर दिला होता. घरात गॅसला त्याचा नंबर, लाइटबिलाला त्याचा नंबर, मग आईलाही त्याचाच. बाईंचा स्वतःचा फोन होता की! पण तो नंबर त्यांना कुणी विचारलाच नाही. बाई दवाखान्यातून निघून ऑटोत बसतात न बसतात, तोच तिकडं पीण्यात याचा फोन वाजायचा. आईला काय होतंय, आईनं काय सांगितलं, डॉक्टरांनी काय ठरवलं, सगळं शिस्तीत. पोरगा काळजीनं वाचायचा, त्यात वाईट काही नव्हतं. वाचून गप्प बसला असता तर प्रश्नच नव्हता. पण जीभ आईचीच ना! जेवताना सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचायचा आणि वाचून झालं की तेच उचलून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा.

एकदा बाई सहज बोलून गेल्या, जिन्यात पाय सटकला म्हणून. ग्रुपवर ते पडलं आणि गहजब झाला. होसकोट्याच्या नणंदेनं फोनवर गळा काढला. हुबळीच्या पुतण्यानं, संग्रामनं, हात जोडलेली चित्रं पाठवली आणि खाली म्हातारपणी काय जपावं यावर भाषण. गिरीराजनं काय करावं? माडीवरच्या खोलीला कुलूप ठोकलं. बाईंचे जुने नमुने, कागदी कटिंग, सगळं त्या खोलीत. “आई, तू आता वर जायचं नाहीस.” पुढच्या खेपेला झोप लागत नाही म्हणून सांगितलं, तर नातीनं, भूमिकानं, संध्याकाळची कॉफी बंद केली. बंगळुरात राहून कॉफी बंद! बाईंनी कपाळाला हात लावला. तेव्हापासून डॉक्टरबाईंनी काहीही विचारलं तरी उत्तर ठरलेलं: “बरं आहे. सगळं बरं आहे.” डॉक्टरबाई ते ‘बरं आहे’सुद्धा टकटक लिहून घ्यायच्या.

आणि मग एक दिवस कात्री पडली.

बाई जांभळ्या रेशमाचा गळा कापत होत्या. उजव्या हातातून कात्री सुटली आणि टेबलावर आदळली. हात होता तिथंच, पण आपला वाटेना, शेजारच्या माणसाचा आपल्या मांडीवर पडल्यासारखा. सुनेला हाक मारावी म्हणून तोंड उघडलं. “भव्या” एवढाच शब्द, रोज शंभरदा तोंडात असलेला, पण तो येईना. आत दिसत होता, बाहेर निघत नव्हता. चहा उकळायला लागतो तेवढा वेळ बाई तशाच उभ्या राहिल्या. मग हळूहळू बोटांत मुंग्या आल्या, हात परत आपला झाला, शब्दही आला. भव्या पलीकडं मशीनच्या खडखडाटात होती. तिनं काही पाहिलं नाही.

पुढं तेच पुन्हा एकदा झालं. या खेपेला बाई खरोखरच घाबरल्या.

घाबरल्या, पण सांगायचं कुणाला? डॉक्टरबाईंना सांगितलं म्हणजे गिरीराजला सांगितलं. गिरीराजला सांगितलं म्हणजे हुबळीपर्यंत सांगितलं. तेही एक वेळ चाललं असतं. पण बाईंना दिसत होते खंडोजी. शेवटी शेवटी त्यांचे हात थरथरायला लागले, तेव्हा गिरीराजनंच त्यांचं मशीन दुकानातून हलवलं होतं. “अप्पा, खूप केलंत, आता आराम करा,” म्हणून टीव्हीसमोर खुर्ची टाकून दिली होती. किती प्रेमानं! आणि त्या खुर्चीत तो माणूस बघता बघता विझला. औषधं वेळेवर, जेवण वेळेवर, आणि हात रिकामे. खंडोजी आजारानं नव्हे, रिकाम्या हातांनी गेले, असं बाईंचं मत होतं आणि त्यावर त्या कुणाचं ऐकून घेत नसत. गिरीराजला हे कळलं की कात्री गेली. कात्री गेली की आपण गेलो, इतका साधा हिशोब होता.

पण बाई मूर्ख नव्हत्या. औषध हवंच होतं. म्हणून नेहमीच्या शुगर-बीपीच्या तपासणीला गेल्या तेव्हा त्यांनी एक युक्ती काढली.

“डॉक्टरअक्का, एक विचारू? माझं नाही हं, माझ्या शेजारणीचं.”

“विचारा ना, आजी.”

आजी म्हटलेलं बाईंना खपत नसे, पण आज त्यांनी ते गिळलं. “तिचा हात मधेच लुळा पडतो. उजवा. आणि बोलायला जावं तर शब्द अडकतो. थोडा वेळ. मग सगळं ठीक.”

टकटक थांबली. बाईंनी मनात म्हटलं, बरोबर, दुसऱ्याचं दुखणं माझ्या नावावर कसं लिहील? डॉक्टरबाई पडद्यावरून नजर काढून सरळ त्यांच्याकडं बघत होत्या. इतक्या दिवसांत त्यांचे डोळे घारे आहेत हे बाईंना आज पहिल्यांदा दिसलं.

“केव्हापासून? हात आणि बोलणं, दोन्ही एकदम?”

“एकदम. तुम्ही आपली एक गोळी लिहून द्या, मी नेऊन देते.”

“अशी गोळी नाही देता येत, आजी. हे सीरियस आहे. मेंदूला रक्त पोचत नाहीये मधेमधे. ही वॉर्निंग असते, नंतर मोठा झटका येऊ शकतो. कायमचा हात जाऊ शकतो, बोलणं जाऊ शकतं. त्यांना आजच्या आज घेऊन या. मी संध्याकाळपर्यंत आहे इथंच. नाव काय त्यांचं?”

कायमचा हात. बाईंनी उजवा हात पदराखाली घेतला. आणि त्या गडबडीत तोंडातून गेलं, “जमनाबाई.”

झालं! डॉक्टरबाईंनी ते नाव लगेच टकटक करून ठेवलं.

जमनाबाई ही खरी शेजारीण, ‘खंडोजी टेलर्स’च्या बाजूला तिचं कोडबळी-चकलीचं दुकान. धडधाकट बाई. आयुष्यात तिला एक पोटाचा त्रास सोडला तर काही झालं नव्हतं, आणि तोही स्वतःचीच तिखट कोडबळी खाऊन. सकवारबाई ऑटोतून उतरल्या त्या थेट तिच्या दुकानात.

“जमने, दुकान पोरीकडं दे. दवाखान्यात जायचंय.”

“कुणाला काय झालं?”

“तुला.”

आणि मग बाईंनी सगळं सांगितलं. खंडोजी गेल्यापासून इतकं खरं त्या कुणाशी बोलल्या नव्हत्या. जमनाबाईनं ऐकलं, डोळे पुसले, आणि मग म्हणाली, “अय्यो, गिरीला सांगून टाक गं सरळ!”

“तुझ्या गल्ल्यावरून तुला उठवून कुणी खुर्चीत बसवलं तर चालेल?”

जमनाबाईनं आपल्या गल्ल्याकडं पाहिलं. थोडा विचार केला आणि म्हणाली, “सरी, ठीक आहे. काय बोलायचं ते सांग.”

दोन मैत्रिणींनी मिळून असा बेत करावा, याला काय म्हणायचं? दुखणं एकीचं, नाव दुसरीचं, औषध मिळालं की इकडून तिकडं. शुगरची गोळी संपली की एकमेकींच्या डबीतून घेणाऱ्या बायका या. त्यांना यात वावगं काही दिसलंच नाही. ऑटोत बसल्या बसल्या जमनाबाईनं सगळं पाठ केलं. उजवा हात. मेल्यासारखा. शब्द दिसतो, निघत नाही. चहा उकळेपर्यंत. मग ठीक. पोरीनं शाळेत कविता म्हणावी तसं तिनं दोनदा म्हणून दाखवलं.

डॉक्टरबाईंसमोर तिनं ते झकास म्हटलं. वर स्वतःचं थोडं मीठमसाला टाकून, डोळ्यांना पदर लावून. सकवारबाई बाजूच्या खुर्चीत बसून मान डोलावत होत्या. डॉक्टरबाईंनी छाती तपासली, बीपी घेतलं. बीपी असं की कॉलेजच्या पोरीला हेवा वाटावा. हात दाबून पाहिले, जीभ बाहेर काढायला लावली. मग त्या पडद्याकडं वळल्या, काहीतरी लिहिलं, आणि पडद्यावर लाल चौकोन उमटला.

“जमनाबाई, तुम्हाला अल्सर झाला होता? इथंच ॲडमिट होतात?”

“हे त्याला कुणी सांगितलं?” जमनाबाई पडद्याकडं बोट करून म्हणाली.

“सगळं असतं यात. मी जी रक्त पातळ करणारी गोळी देणार होते ती तुम्हाला नाही चालणार. पोटात रक्तस्राव होईल.”

आता आली का पंचाईत! जमनाबाईनं बाईंकडं पाहिलं, बाईंनी छताकडं. डॉक्टरबाई आपल्या नादात विचारत होत्या, “बरं, हे होतं तेव्हा तुम्ही काय करत असता? उभ्या असता, बसलेल्या असता?”

हा प्रश्न पाठ करून घेतलेला होता. जमनाबाई तडफेनं म्हणाली, “उभी असते. कापड कापत असते.”

“कापड?” डॉक्टरबाईंची बोटं बटणांवरच थांबली. “इथं तर तुमचं कोडबळ्यांचं दुकान लिहिलंय ना?”

डॉक्टरबाईंनी एकीकडं पाहिलं, दुसरीकडं पाहिलं. मग त्यांनी बटणांची ती पट्टी ढकलून टेबलाच्या कडेला सारली, खुर्ची फिरवली आणि सकवारबाईंच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ येऊन बसल्या.

“अक्का,” त्या म्हणाल्या. आजी नव्हे, अक्का. “कात्री कुणाच्या हातातून पडली?”

बाईंचा असा बांध कधी फुटला नव्हता. चिडून बोलल्या त्या, रडून नव्हे. “माझ्याच! आणि सांगू कशी तुम्हाला? मी इथं तोंड उघडते आणि तिकडं माझा मुलगा पीण्यात वाचतो. पाय सटकला तर माडीला कुलूप. झोप नाही म्हटलं तर कॉफी बंद. आता हात गेला म्हटलं तर काय बंद करतील? मी तुमच्याशी बोलायला येते का सगळ्या गावाशी? तुमची ती टकटक सुरू झाली की माझं तोंड मिटतं, समजलं? मग लिहा तुमचं ‘बरं आहे, बरं आहे’!”

डॉक्टरबाईंचा चेहरा पार उतरला. “मला माहीतच नव्हतं,” त्या म्हणाल्या. “म्हणजे, तपासणीची समरी आपोआप जाते हे माहीत होतं. कुणाच्या हातात पडते, हा विचारच केला नाही मी कधी. चुकलं माझं.” मग त्या सावरल्या. “पण अक्का, लिहावं तर लागेल. मी नाही लिहिलं तर उद्या दुसरा डॉक्टर तुम्हाला बघेल, त्याला काही कळणार नाही. आत्ता जमनाबाईंचा अल्सर कुणी लिहून ठेवला नसता तर? वाचले ना प्राण त्यांचे? लिहायचं. फक्त ते कुणी वाचायचं हे तुम्ही ठरवायचं. तुमचा फोन आहे?”

बाईंनी कमरेची पिशवी उघडून फोन काढून टेबलावर ठेवला. “आहे की! विचारलंय कुणी?”

“आत्ता बदलते नंबर.” डॉक्टरबाईंनी पट्टी पुन्हा ओढली, पण या खेपेला पडदा फिरवून बाईंना दिसेल असा ठेवला. दोन-चार बटणं दाबली आणि त्यांच्या तोंडून “अरेच्चा!” निघालं.

“काय झालं?”

“नंबर बदलायला ओटीपी लागतो. आणि तो जुन्या नंबरवर जातो. गेला पण.”

म्हणजे गिरीराजकडं! जमनाबाई फस्सकन हसली. सकवारबाईंना मात्र हसू नाही आलं, उलट जोर चढला. आता लपवाछपवी पुरे झाली. त्यांनी स्वतःच मुलाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

पलीकडून यंत्रांचा खडखडाट आला. “हां आई, काय झालं?”

“काही नाही झालं. तुझ्या फोनवर आत्ता आकडे आलेत, ते वाच.”

“कसले आकडे? ओटीपी? आई, ओटीपी कुणालाही सांगायचा नसतो! कोण बसलंय तुझ्या शेजारी?”

“कोण बसायचंय? मी विचारतेय. वाच.”

“अगं फ्रॉड असतात हे! आमच्या कारखान्यातल्या नंदकिशोरचं खातं असंच साफ झालं. आईच्या आवाजात बोलतात हल्ली, मशीनवर आवाज बनवतात. तू माझी आई कशावरून?”

डॉक्टरबाईंनी तोंडावर हात धरला. जमनाबाई खुर्चीत लोळायची बाकी होती. जन्मदात्या आईला पुरावा मागतो! सकवारबाईंनी पदर खोचला. त्याला असं काही ऐकवायचं त्यांनी ठरवलं की पीण्यातली यंत्रं बंद पडावीत. शाळेत असताना खंडोजींच्या कात्रीनं स्वतःचे केस कापून पलंगाखाली लपला होता, ते सांगावं. हे तिसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं.

आणि शब्द आला नाही.

दिसत होता. पलंग दिसत होता, केसांचे पुंजके दिसत होते, त्याचं रडकं तोंडही दिसत होतं. बाहेर नुसतं “क... क...” आलं. उजवा हात टेबलावरून घसरून मांडीवर पडला. फोन खाली पडला.

“आई? आई? हॅलो?”

डॉक्टरबाई एका झेपेत उठल्या. त्यांनी बाईंचे खांदे धरले, दाराकडं तोंड करून हाका मारल्या, नर्स धावली, चाकाची खुर्ची आली. “स्कॅनला कळवा, लगेच!” सगळं एकदम सुरू झालं. बाईंना प्रत्येक शब्द कळत होता आणि एकही बोलता येत नव्हता. आयुष्यात त्या इतक्या घाबरल्या नव्हत्या. ‘कायमचा हात, कायमचं बोलणं’ एवढंच डोक्यात घुमत होतं, आणि जमिनीवरच्या फोनमधून मुलगा “आई, आई” करत होता.

तो फोन जमनाबाईनं उचलला.

“गिरी, मी जमनाबाई. कोडबळीवाली. फ्रॉड नाही रे बाबा, ऐक. तुझ्या आईचा उजवा हात मेल्यासारखा होतो. शब्द दिसतो पण निघत नाही. चहा उकळेपर्यंत राहतं आणि मग ठीक होतं. दोनदा झालंय, कापड कापताना, आणि आत्ता इथं पुन्हा झालंय, डॉक्टरांच्या पुढ्यात. मेंदूला रक्त पोचत नाही म्हणतात. तिनं तुला सांगितलं नाही, कारण तू कात्री काढून घेशील. अप्पांचं मशीन घेतलंस तशी. आता ग्रुपवर बिपवर काही टाकू नकोस, नीघ तिथून.”

दुपारभर पाठ केलेलं तिनं एका दमात सांगितलं, फक्त आता ते ज्याचं होतं त्याच्या नावावर.

सकवारबाईंना खुर्चीतून नेत होते. डॉक्टरबाई बाजूनं चालत होत्या, बाईंचा तो उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरून. जिन्याजवळच्या लिफ्टपाशी आल्या आणि बाईंच्या बोटांत मुंग्या आल्या. बोटं हलली. डॉक्टरबाईंनी लगेच वाकून विचारलं, “अक्का, माझं बोलणं ऐकू येतंय का? नाव सांगा तुमचं.”

बाईंचे ओठ हलले. नाव त्यांनी सांगितलं नाही.

“लिहा,” त्या म्हणाल्या.

“काय, अक्का?”

“लिहून घ्या सगळं. माझ्या नावावर लिहा.” आणि मग जरा श्वास घेऊन, “जमनीच्या नावावर जे लिहिलंय ते पुसा आधी.”

डॉक्टरबाई हसल्या आणि हसता हसता त्यांनी डोळे टिपले.

गिरीराज आला तेव्हा स्कॅन होऊन गेलं होतं. अंगात कारखान्याचाच शर्ट, बाहीला ग्रीसचा डाग. मानेतली एक नस आतून अरुंद झाली होती, रक्त तिथं अडत होतं. वेळेत सापडलं, डॉक्टरांनी त्याला समजावून सांगितलं, नस मोकळी करता येईल, औषधं चालू राहतील, धोका पुष्कळ कमी होईल. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग तो आईच्या पलंगाशी येऊन उभा राहिला.

“मला का नाही सांगितलंस?”

“तुला सांगितलं असतं तर तू मला टीव्हीसमोर बसवलं असतंस.”

“अप्पांच्या वेळी मी घाबरलो होतो गं,” तो म्हणाला. “त्यांचं बोट मशीनखाली गेलं असतं तर? मला दुसरं काही सुचलं नाही.”

“ठाऊक आहे मला. पण त्यांना विचारलं नाहीस तू. मलाही विचारत नाहीस.” बाईंनी पलंगावर सरकून त्याला बसायला जागा केली. “मी जाणारच आहे कधीतरी, गिरी. पण हातात कात्री असताना जाईन. ती घ्यायची की नाही ते मी आणि माझी डॉक्टर ठरवू. तू मला दवाखान्यात ने, भांड, रड, हवं ते कर. कात्रीला हात लावायचा नाही.”

गिरीराजनं मान हलवली. डोळे पुसले बाहीनं, तर ग्रीस गालाला लागलं. बाईंनी पदरानं ते पुसलं.

तेवढ्यात डॉक्टरबाई आत आल्या. मघाचा ओटीपी वाया गेला होता, त्यांनी नवा मागवला. गिरीराजच्या खिशात फोन वाजला. त्यानं पाहिलं, आणि आईच्या कानाशी वाकून ते आकडे सांगितले, हळू आवाजात, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाहीत असे. सबंध आयुष्यात त्यानं काहीतरी पहिल्यांदाच हळू वाचलं होतं.

त्यानंतर नस मोकळी झाली, बाई घरी आल्या, जमनाबाईनं बिनतिखटाची कोडबळी करून पाठवली आणि ती कुणी खाल्ली नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवर फक्त एवढंच पडलं, ‘आईची तब्येत बरी आहे, बाकी आई स्वतः सांगेल.’ होसकोट्याच्या नणंदेनं फोन करकरून थकवलं, पण बाईंनी तिला हवं तेवढंच सांगितलं आणि त्यात त्यांना भारी मजा आली. माडीचं कुलूप निघालं. कॉफीसुद्धा परत आली, अर्धा पेला. कात्री मात्र डॉक्टरबाईंच्या हुकमानं फडक्यात गुंडाळून ठेवलेली. बाई दुकानात यायच्या, टेबलापाशी बसायच्या आणि भव्याला कापायला शिकवायच्या. भव्या घाबरत कापायची आणि बाई ओरडायच्या. दिवस कसेबसे काढत होत्या बिचाऱ्या.

मग शेवटच्या तपासणीचा दिवस आला. डॉक्टरबाईंनी दोन्ही हात दाबून पाहिले, नाक शिवायला लावलं, बोटं मोजायला लावली. बाईंनी सगळं बोलून टाकलं. गुडघा, झोप, मधेच एकदा आलेली चक्कर आणि ती तर नणंदेचा फोन ठेवल्यावर आली होती हेसुद्धा. डॉक्टरबाई आधी ऐकायच्या, मग पडदा दोघींना दिसेल असा फिरवून लिहायच्या, आणि लिहिलेलं वाचून दाखवायच्या. “हे असू दे?” “असू दे.” “हे?” “हे राहू दे, पण नणंदेचं नाव घालू नका.” उठताना बाईंनी विचारलं, “आणि कात्री?” डॉक्टरबाई म्हणाल्या, “घरी पोचा, कळेल.”

बाई दुकानात येऊन बसल्या. गिरीराजला सुट्टी होती, तो चहा घेऊन आला. तोच बाईंचा फोन वाजला. त्यांचा स्वतःचा. गिरीराजची मान आपोआप तिकडं वळली, मग त्यानं ती परत फिरवली आणि उगाच टेबलावरचे दोरे गोळा करायला लागला. जीव नुसता वर-खाली होत होता त्याचा. बाईंना ते दिसत होतं. त्यांनी मुद्दाम सावकाश चष्मा काढला, पदरानं पुसला, लावला. फोनवर सगळं इंग्रजीत होतं, ते त्यांनी बोटानं वर सारलं. सगळ्यात खाली एक ओळ मराठीत होती, देवीच्या आरतीच्या पुस्तकात असतात तशा अक्षरांत. त्यांनी ती वाचली. पुन्हा वाचली. मग फोन गिरीराजपुढं धरला.

“वाच.”

“मी?” तो म्हणाला. “नको, तुझं आहे ते.”

“माझं आहे म्हणूनच सांगतेय. मोठ्यानं वाच. जमनीला पलीकडं ऐकू गेलं पाहिजे.”

गिरीराजनं घसा साफ केला आणि जेवताना वाचायचा त्या खणखणीत आवाजात वाचलं, “सकवारअक्का, कात्री धरायला हरकत नाही.”

पलीकडच्या दुकानातून जमनाबाईची आरोळी आली. भव्यानं मशीन थांबवलं. बाईंनी फडकं सोडलं, कात्री उजव्या हातात घेतली, बोटं उघडून मिटून पाहिली, आणि गिरीराजनं पुढं सरकवलेलं कापड सरळ करून घेतलं.

“हां, आता बाजूला हो,” त्या म्हणाल्या. “माझ्या उजेडात उभा आहेस.”